गॅस सुकवण्याचा मनोरा

१

उखर्डूचं प्रेत तापीकाठी राजघाटावर जाळायला न नेता लोकांनी ते कारखान्याच्या फाटकात आणून ठेवलं. निरोप आला तेव्हा ठाणेदार चुडामण महाजन जेवायला बसले होते. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि डोक्यावर साफा चढवत सिंधीपुऱ्याची वाट धरली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट कळली होती. बुऱ्हाणपूरचे लोक भांडतात भरपूर, पण मेलेल्या माणसाला वाटेत थांबवत नाहीत. आज थांबवलं होतं, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

सिंधीपुऱ्यामागचा तो कारखाना कापडाला शेवटचा हात फिरवण्याचा होता. मागावरून उतरलेल्या कापडावर बारीक लव असते. ती जाळायला कापड गॅसच्या ज्योतींवरून झपकन ओढून नेतात. गॅस कोळशापासून तिथंच करत. दसऱ्याला तिथं एक नवा लोखंडी मनोरा उभा राहिला होता. मनोऱ्यातून फिरणारा रस तापवायची एक कढई होती आणि तिच्याखालची आग सांभाळणं हे उखर्डूचं काम. आता उखर्डू मेला होता आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती. मनोरा गळतो, त्याच्या गॅसनं माणूस मारला.

फाटकाशी दगा मिस्त्री उभा होता, हातात घण घेऊन. बाकीचे त्याच्यामागे.

"साहेब, मनोरा पाडल्याबिगर आमी मुर्दा उचलनार नई," दगा म्हणाला. "आज उखर्डू गेला, उद्या कोन?"

कारखान्याचे मालक शेठजी, त्यांचा माणूस ठाणेदारांच्या कानाशी लागला. इंजिनीअरला आत टाका, म्हणजे लोक शांत होतील, असा शेठजींचा निरोप होता. चुडामणना त्या निरोपाची चीड आली. मनोरा बांधताना हेच शेठजी इंजिनीअरच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होते.

प्रेताच्या पायाशी कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर अनंत बसला होता. डोळे सुजलेले. "मी याचं किती केलं, साहेब," तो म्हणाला. "पण लढाई लागल्यापासून दवाखान्यात आहे काय? कुनैन नाही, ग्लिसरीन नाही, धड पट्टीचं कापड नाही. तरी खोकला पार उतरवला होता याचा. मग पोटात धरलं, आणि गेलाच."

चुडामण दगाकडे वळले. "दगा, मनोऱ्यानं माणूस मारला असं निघालं, तर पहिला घाव मी घालीन. माह्या पोरांची शपथ. पन मेलेल्या माणसाला उन्हात ठेवू नका."

पोरांची शपथ लोकांनी मानली आणि प्रेत उचललं. त्याआधी ठाणेदारांनी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावून ते दाखवलं. डॉक्टरांनी नखं बघितली, पापण्या उघडल्या, सुजलेल्या पायांवर बोट दाबलं. मग हळूच ठाणेदारांना बाजूला घेतलं.

"महाजन, याला गॅसनं मारलेलं नाही. गॅसनं माणूस घटकाभरात जातो, अंग लालसर पडतं. हा कितीतरी दिवस झिजलाय. पोटदुखी, उलट्या, मग लघवी बंद. हे पोटात गेलेल्या कशाचं तरी काम आहे. आणि असाच आणखी एक माणूस माझ्या दवाखान्यात पडलाय."

२

दुसऱ्याचं नाव गोटू. तो कारखान्याच्या गोदामात कापडाच्या गाठी उचलायचा. गोदाम मनोऱ्यापासून इतकं लांब, की गॅसचा वाससुद्धा तिथं पोचत नसे. गोटूचा चेहरा फुगला होता, बोलताना धाप लागत होती. चुडामण त्याच्या खाटेवर बसले.

"गोटू, काय खाल्लं, काय प्यायलं, सगळं सांग बाबा."

गोटूनं सांगितलं. भाकरी, तुरीचं वरण, कारखान्याच्या नळाचं पाणी. बाजारात एकदा जिलेबी. दारू नाही, कोणाच्या घरी जेवण नाही. उखर्डूबरोबर तर तो कधी बसलासुद्धा नव्हता. चुडामणनी खोदून खोदून विचारलं, पण दोघांच्या पोटात एकच गोष्ट गेली असावी असं काही हाती लागेना.

मग ते कारखान्यात गेले. मनोऱ्याखाली इंजिनीअर मधुकर सप्रे उभे होते. तिशीचे, मुंबईत शिकलेले, हाताला कायम शाई लागलेली. जिवाची भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. पण मनोऱ्याबद्दल विचारलं तेव्हा ती थोडी मागे हटली.

"गॅस पाण्यानं धुवून घ्यावा लागतो, म्हणून तो ओला असतो," सप्रे म्हणाले. "थंडीत ते पाणी नळीत साचतं, ज्योत फडफडते, कापडावर पट्टे पडतात. पूर्वी चुन्याच्या पेट्यांतून गॅस सोडायचे. चुना भिजला की पेटी बदला, हेच दिवसभर. मी म्हटलं, पाणी पिणारा रस वापरू. या मनोऱ्यात एकावर एक थाळ्या आहेत. वरून रस थाळी-थाळीनं उतरतो, खालून गॅस चढतो. वाटेत रस गॅसमधलं पाणी ओढून घेतो. वर कोरडा गॅस निघतो, खाली पाणी प्यालेला रस. तो कढईत तापवला की पाणी वाफ होऊन जातं, आणि तोच रस पुन्हा वर."

"कोणता रस?"

"ग्लायकॉल. मी सगळं ग्लिसरीनवर आखलं होतं. पण ग्लिसरीन आता दारूगोळ्याला जातं, बाजारात थेंब मिळत नाही. मग हे मागवलं. दिसायला तसंच, जाड आणि पाण्यासारखं स्वच्छ. कढईत जास्त तापलं तर मात्र करपतं, काळं पडतं. म्हणून आच सांभाळायला माणूस हवा. उखर्डूइतका नेमका हात दुसऱ्या कोणाचा नव्हता."

"विषारी आहे?"

सप्रे बोटांची शाई पुसू लागले. "पोटात घ्यायची वस्तू नाही ती. पण कोण पिणार? आणि एखाद्या थेंबानं काय होतं?"

मग त्यांनी स्वतःच एक अडचण सांगितली. रस कमी होत होता. मनोऱ्यात भर घालायचं पिंप हिशेबापेक्षा लवकर उतरत होतं, म्हणून त्यांना वाटलं, आपली आखणीच चुकली. रसाचे बारीक तुषार गॅसबरोबर वर उडून जात असतील, म्हणून त्यांनी मनोऱ्याच्या माथ्याला तारेची दाट जाळी बसवली. तरी रस कमीच होत राहिला.

"रस गॅसबरोबर गेला असता, तर पुढं कुठं दिसला असता?"

"ज्योतीवर. कापड चिकट झालं असतं, डाग पडले असते."

"पडले?"

"एकही नाही. कापड इतकं स्वच्छ कधीच निघालं नव्हतं."

चुडामणनी मनोऱ्याकडे वर पाहिलं. म्हणजे रस वरून जात नव्हता. तो कोणीतरी हातानं नेत होतं.

३

दगा मिस्त्रीला मनोऱ्याचा राग होता, आणि त्यानं तो लपवला नाही. चुन्याच्या पेट्या त्याच्या ताब्यात होत्या. त्याच्या हाताखालची माणसं मनोऱ्यानं कमी केली होती.

"रस तूच ओततो का रे गटारात?" चुडामणनी सरळ विचारलं. "मनोरा बंद पडावा म्हणून?"

दगा तापला. "माह्या हातून मशीन कधी बिघडली नाई साहेब. मले तो मनोरा आवडत नाई, हे खरं. पन दसऱ्याले त्याची पूजा मीच केली. हार, नारळ, हळद-कुकू, समदं. मानसं भ्यायची हो, रस विषारी हाये म्हनून कोनी हात लावे ना. तवा इंजिनेरसाहेबानं रसात बोट बुडवलं आन् सोता चाटून दाखवलं. मंग आमी समद्यायनं तीर्थावानी घेतलं. गोड लागलं, खोटं कायले बोलू? कोनाले काई झालं नाई. म्हनून सांगतो, माराचं काम गॅसनंच केलं."

"रसाची पिंपं कुठं असतात?"

"कोठीत. किल्ली इंजिनघरात खिळ्याले टांगेल असते. कोनीबी घ्यावी."

चुडामणनी कोठी उघडायला लावली. पिंपाचं बूच घट्ट होतं आणि त्याला मोठा पाना लागत होता. चुडामणना पाना लावून ते फिरवताना घाम फुटला. रस पिंपात अर्ध्यावर आला होता, आणि हिशेब ताडून सप्रे आता शपथेवर सांगत होते की मनोऱ्यात एवढा रस गेलाच नव्हता. उलट कढईखाली साधा नळ होता. तिथून रस काढणं पोराबाळालाही जमलं असतं. पण तिथला रस तापून तापून चहासारखा झाला होता.

हा विचार डोक्यात घोळवत ठाणेदार उखर्डूच्या घरी गेले. मालूबाई, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. सुतकाचं घर, चूल थंड. शेजारची आशाबाई बाहेरच्या ओट्यावर तिच्यासाठी भाकरी ठेवून गेली होती. चुडामण उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले.

"माय, शेवटच्या दिवसांत त्यानं काय खाल्लं, काय पिलं?"

"काय खातीन साहेब? जवारीची भाकर, मुगाचं पानी. मंग तेबी सरलं. शेवटी शेवटी पानी बी ठरे ना पोटात. मी त्याईले काई म्हंजे काई वावगं दिलं नाई. समदं माह्या हातचं."

"बाहेरचं काही? कोणी दिलेलं?"

"नाई. ते तर कोनाच्या घरचा चहाबी घेत नोते."

ती खरं बोलत होती, यात चुडामणना शंका नव्हती. ते उठले. गोटू तिकडे मरणाच्या दारात होता, लोक दगाच्या घणाकडे बघत होते, आणि ज्यानं रस नेला त्याचा माग कुठेच लागत नव्हता.

घरी आल्यावर त्यांची बायको भागाबाई ताट घेऊन आली. चुडामण दिवसभर खोकत होते, आवाज बसला होता.

"सकाळपासून काही खाल्लं का?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. पाण्याचा घोट नाही."

"खोटं कायले बोलता? जाताना मध-अद्रक मीच तर चाटवलं."

"अगं, ते काय खाणं आहे? ते तर औषध."

चुडामणनी ताट दूर केलं आणि ते उठले. दिवसभर त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, काय खाल्लं, काय प्यायलं. औषध कोणी खाण्यात धरत नाही, हे त्यांना आत्ता उमगलं होतं.

४

कारखान्याच्या दवाखान्यात अनंत एकटा बाटल्या धूत होता. चुडामणनी सप्रेंना आणि दगाला बरोबर आणलं होतं. सरकारी डॉक्टरही होते.

"अनंत, खोकल्याचं औषध कशात कालवतोस?"

"ग्लिसरीनमध्ये, साहेब. सगळेच कालवतात."

"फाटकात तू म्हणालास, ग्लिसरीन मिळत नाही."

अनंतच्या हातातली बाटली पाण्यातच राहिली.

"मी सांगतो," चुडामण म्हणाले. "रस कमी होत होता, आणि कापडावर डाग नव्हता. म्हणजे रस हातानं गेला. नेणाऱ्याला मनोरा बंद पाडायचा असता, तर त्यानं कढईचा नळ सोडला असता. ते सोपं होतं. हा माणूस पान्यानं पिंपाचं बूच काढत होता, तेही थोडं थोडं. त्याला काळा रस नको होता, स्वच्छ हवा होता. स्वच्छ रस कोणाला लागेल? ज्याला तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा आहे, ज्याच्याकडची बाटली लोक उजेडात धरून बघतात, त्याला. उखर्डू कढईवर, गोटू गोदामात, दोघांचं जेवण वेगळं, आणि नळाचं पाणी तर सगळा कारखाना पितो. पण थंडीत दोघंही खोकत होते, गोटूला आताच पुन्हा विचारून आलो. गोटूनं आणि मालूबाईनं मला सगळं सांगितलं, औषध सोडून. कारण औषधानं माणूस बरा होतो, असं आपण धरून चालतो."

अनंत खाली बसला. "विष असतं तर मी दिलं असतं का, साहेब? काढा इतका कडू व्हायचा, की लोक थुंकून टाकायचे. ग्लिसरीन आणायला मी खांडव्यापर्यंत गेलो, मिळालं नाही. आणि इथं पिंप भरलेलं. तसंच जाड, तसंच गोड." त्यानं सप्रेंकडे पाहिलं. "दसऱ्याला यांनी स्वतः चाखलं. सगळ्या कारखान्यानं चाखलं. कोणाला ढेकरसुद्धा आली नाही. मी म्हटलं, मोठी माणसं उघड खातात ती वस्तू चांगलीच असणार. चोरून नेलं, कारण विचारलं तर यांनी मनोऱ्यासाठी हवं म्हणून नाही म्हटलं असतं."

"थेंब वेगळा आणि बाटली वेगळी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "याची खरी बाधा मूत्रपिंडाला होते. खोकला उतरतो, आणि माणूस आतून मरत जातो. माणसाला वाटतं रोग वाढला, म्हणून तो आणखी घेतो."

सप्रे भिंतीला हात लावून उभे होते.

"मला माहीत होतं की ते पोटात घ्यायचं नसतं," ते म्हणाले. "तरी मी चाटलं. लोक घाबरत होते, काम अडलं होतं. भीती मोडायचा तो सोपा रस्ता वाटला. मी इतकी गणितं केली. किती थाळ्या, किती आच, जाळी कशी. आणि माणसांना एक वाक्य सांगितलं नाही, की हे प्यायचं नाही." मग ते दगाला म्हणाले, "मिस्त्री, आण तो घण. पाडून टाक."

दगानं मान हलवली. "मनोऱ्यानं काय केलं साहेब? राहू द्या."

चुडामणनी अनंतला शिपायाच्या ताब्यात दिलं. अनंतचं काय करायचं ते कोर्ट ठरवील. त्यांना घाई दुसरीच होती.

"अनंत, किती घरांत बाटल्या गेल्या?"

"आठवत नाही, साहेब. जो खोकत आला त्याला दिली. सिंधीपुऱ्यात तर घरोघरी असेल."

५

सकाळी दवंडी पिटली. कारखान्याच्या दवाखान्याचं खोकल्याचं औषध कोणी घेऊ नये, बाटली शिपायाच्या हाती द्यावी. शिपाई दोन आळ्या फिरून रिकाम्या हातानं परत आले.

"कोनी देत नाई साहेब. म्हनतात, गुन्हा शेठजीचा झाकायचा हाये म्हनून पोलीस बाटल्या जमा करतात. काही म्हनतात, फुकटची दवाई आता साहेब लोकायले लागते. लपवून ठेवतात. एका घरी तर आमच्यासमोर चमचाभर पिऊन दाखवली."

दवंडी मालूबाईच्या घरापर्यंत पोचण्याआधी आपण जायला हवं होतं, हे चुडामणना आता सुचलं. ते जवळजवळ धावत गेले.

ती दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"साहेब, ते खोकल्याचं औषध म्हंजे आमच्याबी घरचं?"

चुडामणना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी तसा विचारही केला. पण तिच्या डोळ्यांसमोर ते जमेना.

"हो, माय. तेच."

"त्याईले गोड लागे तरी नको म्हनायचे. म्हने, पोटात आग पडते. मी म्हने, खोकला तर गेला ना, घ्या. दिवसातून किती बार पाजली मी. शेवटी नाक धरून पाजली." ती थांबली. "म्हंजे माह्या हातानं गेले ते."

"हात तुझा होता, माय. विष तुझं नव्हतं. तुला कोणी सांगितलं नाही. आम्ही कोणीच सांगितलं नाही."

मालूबाईनं विचारलं, "लोकं देत नाईत ना बाटल्या?"

"नाही देत."

तिनं कोपऱ्यातली टोपली उचलली. आतली अर्धी बाटली तिच्यात ठेवली आणि पदर डोक्यावर ओढून ती उंबऱ्याबाहेर आली. आशाबाई ओट्यावरून ओरडली, "अवं मालू, सुतक हाये! दहा दिस घराबाहेर पाय ठेवू नये!"

"मले घरात घेऊ नको, आशा. मी दारातूनच बोलते. तुह्या सासूची बाटली आन."

"अवं पन तिले गुन पडते त्यानं."

"त्याईलेबी गुन पडला व्हता," मालूबाई म्हणाली. "मी पाजली, आन् ते गेले. माह्या हातानं गेले. आता तुह्या हातानं तुही सासू नको जाऊ देऊ."

आशाबाई आत गेली. ती बाटली घेऊन बाहेर आली. सुतकातल्या बाईला शिवायचं नाही म्हणून तिनं बाटली ओट्याच्या कडेला ठेवली. मालूबाईनं ती टोपलीत घेतली.

मग ती घरोघरी गेली. चुडामण मागे, बरेच अंतर ठेवून, कारण पोलीस दिसला की दार लागत होतं. प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं. मी पाजली, आणि तो मेला. कोणी कानावर हात ठेवले, एका म्हातारीनं तिला अवदसा म्हणून हाकललं, आणि मग तीच म्हातारी मागून बाटली घेऊन धावत आली. सप्रे गल्लीच्या तोंडाशी उभे होते. भरलेली टोपली ती जमिनीवर ठेवी, ते रिकामी तिच्यापुढं ठेवत. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत.

गोटू त्या दुपारी गेला. पण त्या दिवसानंतर सिंधीपुऱ्यातून सरकारी दवाखान्यात त्या रोगाचा नवा माणूस आला नाही. डॉक्टरांनी ते सांगितलं, तेव्हा चुडामणच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत शेवटची आळी संपली. मालूबाईनं टोपली खाली ठेवली.

"समद्या आल्या का साहेब?"

"आल्या, माय. सगळ्या आल्या."

"कोनाच्या घरी राहिली तर नाई ना?"

"नाही."

"मंग आता मले रडू द्या," ती म्हणाली. आणि तिथंच, रस्त्याच्या कडेला धुळीत बसून, उखर्डूचं नाव घेत, ती मोठ्यानं रडू लागली.